झॅबिक्सला एडी जोडली: टेस्ट पास, लॉगिन नापास

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:४०

मंडळी, दोन दिवस एकाच जागी घुटमळतोय, म्हणून हा धागा.

आमच्याकडे उबुंटूवर झॅबिक्स ७.० (सर्व्हरच्या मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर) आहे. साधारण ४०० सर्व्हर आणि त्यांच्यावर नजर ठेवणारी २५ माणसं. आजवर प्रत्येकाचं खातं मीच हाताने बनवत आलो. माणूस आला की खातं उघडायचं, गेला की बंद करायचं (आठवलं तर). आता वरून फर्मान आलंय की सगळं ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून (एडी, म्हणजे कंपनीतल्या सगळ्या खात्यांची मायक्रोसॉफ्टची यादी) चालायला हवं, वेगळा पासवर्ड कुठेही नको. मागणी रास्त आहे, तक्रार नाही.

केलं ते असं. पीएचपीचं एलडॅप (डिरेक्टरीशी बोलायची भाषा) मॉड्यूल टाकलं. ऑथेंटिकेशनच्या पानावर होस्ट म्हणून डोमेन कंट्रोलरचं (एडीच्या सर्व्हरचं) नाव, पोर्ट ३८९, बेस डीएन (डीएन म्हणजे डिरेक्टरीतला पूर्ण पत्ता) म्हणजे डोमेनचं मूळच, सर्च ॲट्रिब्यूट सॅमअकाउंटनेम (लॉगिनचं नाव), आणि बाइंडसाठी (डिरेक्टरीत लॉगिन करायला) एक सर्व्हिस खातं. जिट प्रोव्हिजनिंगही चालू केलं, म्हणजे माणसाने पहिल्यांदा लॉगिन केलं की त्याचं खातं आपसूक तयार व्हावं. ग्रुप मॅपिंगमध्ये (एडीतल्या कुठल्या ग्रुपला झॅबिक्समधला कुठला ग्रुप आणि रोल, ते) एडीतल्या ग्रुपचा पूर्ण डीएन भरला.

टेस्टचं बटण दाबून माझं नाव-पासवर्ड दिलं तर हिरवी पट्टी. तेच नाव-पासवर्ड लॉगिनच्या पानावर दिलं तर म्हणे नाव किंवा पासवर्ड चुकीचं, नाहीतर खातं तात्पुरतं बंद. कॅप्स लॉक नाही. तीनदा बघितलं.

कुठे चुकतंय?

---

पोर्ट६३६ | सोमवार, रात्री ११:५८

टेस्टच्या खिडकीत हिरव्या पट्टीवर खूश होऊन खिडकी बंद केलीत ना? सगळेच करतात. खाली रोल, युझर ग्रुप आणि मीडिया अशा तीन ओळी असतात. तिथे काय दिसतंय ते सांगा.

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री १२:०४

तिन्ही रिकाम्या. आता लक्षात आलं. पण मग पास कसं म्हणतो तो?

---

पोर्ट६३६ | मंगळवार, रात्री १२:२१

कारण ते दोन वेगळे प्रश्न आहेत. "हा माणूस खरा का?" आणि "याला आत कुठे बसवू?" टेस्ट पास होते ती पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर.

आत काय घडतं ते एकदा नीट बघा, पुढचे निम्मे घोटाळे तिथेच कळतात. तुम्ही लॉगिनच्या पानावर नाव टाकता तेव्हा झॅबिक्सला तुमचा डीएन माहीत नसतो. म्हणून तो आधी सर्व्हिस खात्याने आत जातो आणि बेस डीएनच्या खाली "सॅमअकाउंटनेम अमुक असलेला कोण आहे" असं शोधतो. माणूस सापडला की त्याचा डीएन घेतो, आणि मग त्या डीएनने, तुम्ही टाईप केलेल्या पासवर्डसह, पुन्हा बाइंड करून बघतो. हे दुसरं बाइंड जमलं की माणूस खरा ठरला. मग त्याच्या मेंबरऑफ ॲट्रिब्यूटमधले ग्रुप वाचायचे आणि मॅपिंगशी ताडून बघायचे. एकही जुळला नाही तर जिट खातं बनवत नाही. आणि खातंच नाही म्हटल्यावर लॉगिनचं पान तेच ठरलेलं वाक्य तोंडावर फेकतं. त्या वाक्यावरून काही समजत नाही, आणि समजू नये हाच हेतू आहे. बाहेरच्याला खरं कारण कशाला सांगायचं?

तुमचं मॅपिंग चुकलंय. पूर्ण डीएन भरायची बुद्धी कुठून झाली?

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री १२:२६

ग्राफानाच्या (आलेख दाखवणारं सॉफ्टवेअर) कॉन्फिग फाइलमधून उचलला. तिथे वर्षभर बिनबोभाट चालू आहे.

---

ग्राफवेडा | मंगळवार, सकाळी ८:१५

हाहा, हा खड्डा माझ्या चांगला ओळखीचा आहे.

ग्राफानाच्या एलडॅप फाइलमध्ये ग्रुपचा पूर्ण डीएनच लागतो. झॅबिक्समध्ये "ग्रुप नेम ॲट्रिब्यूट" नावाचा एक रकाना आहे. तिथे सीएन (ग्रुपचं साधं नाव) लिहिलं की तो डीएनमधून फक्त सीएनचा तुकडा काढतो आणि मॅपिंगमधला पॅटर्न त्या तुकड्याशी जुळवतो. म्हणजे पॅटर्नमध्ये नुसतं ग्रुपचं नाव हवं. हवं तर शेवटी चांदणी टाकून "मॉनिटरिंग-*" असंही चालतं.

अजून एक फरक आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर पुन्हा धागा काढाल. एकच माणूस दोन ग्रुपांत असेल तर ग्राफाना फाइलमध्ये जो वर लिहिलाय तो धरतो. झॅबिक्स त्याला जुळलेल्या सगळ्या युझर ग्रुपांत घालतो, आणि रोल मात्र त्यातला सगळ्यात वरच्या अधिकाराचा देतो. ग्राफानाच्या सवयीने "व्ह्यूअर वर लिहिला, आता हा व्ह्यूअरच" असं समजून बसाल आणि पोरगा सुपर ॲडमिन होऊन हिंडत असेल.

---

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ९:३०

लागलं!! नुसतं नाव टाकलं आणि पहिल्या फटक्यात आत. पोर्ट६३६ आणि ग्राफवेडा, दोघांचे आभार.

पण १० जणांना करून बघायला सांगितलं तर तिघांना अजूनही जमत नाही. तिघेही त्याच टीममधले आहेत आणि एडीत ग्रुपमध्ये दिसतात.

---

पोर्ट६३६ | मंगळवार, सकाळी १०:०२

"ग्रुपमध्ये दिसतात" म्हणजे थेट सदस्य आहेत, की त्या ग्रुपच्या आत दुसरा ग्रुप आहे आणि हे त्यात आहेत?

मेंबरऑफमध्ये फक्त थेट सदस्यत्व येतं. ग्रुपातला ग्रुप त्यात दिसत नाही. प्रायमरी ग्रुपही दिसत नाही, म्हणून "डोमेन युझर्स" मॅप करून सगळ्यांना एका दमात आत घ्यायचा बेत असेल तर तोही फसतो.

एडीमध्ये साखळी उलगडणारा नियम आहे, त्याचा ओआयडी (ओळख क्रमांक) १.२.८४०.११३५५६.१.४.१९४१. तो वापरायचा तर झॅबिक्समध्ये मेंबरऑफऐवजी ग्रुपऑफनेम्सचा (माणसाऐवजी ग्रुपच्या नोंदीत सदस्य शोधणारा) पर्याय घेऊन ग्रुप फिल्टरमध्ये बसवावा लागतो. मोठ्या डिरेक्टरीत हा शोध जड जातो. खरं विचाराल तर मी ते करत नाही. मॉनिटरिंगसाठी वेगळे तीन सपाट ग्रुप बनवून घ्यायचे (बघणारे, हाताळणारे, मालक) आणि माणसं त्यात थेट टाकायची. एडीवाल्यांशी एकदा गोड बोलावं लागतं, पण मग वर्षानुवर्षं डोकं शांत.

---

नवखी | मंगळवार, सकाळी ११:१०

मध्येच विचारते, रागावू नका. आमच्याकडे एडी नाही, ओपनएलडॅप (एडीसारखीच, पण मुक्तस्रोत डिरेक्टरी) आहे. तिथे मेंबरऑफ दिसतच नाही. मॉड्यूल चालू केलंय तरीही.

---

पोर्ट६३६ | मंगळवार, सकाळी ११:२२

रागवायचं काय त्यात? ओपनएलडॅपमध्ये मेंबरऑफ हा ओव्हरले (वरून जोडायचा भाग) आहे. तो चालू केल्यानंतर ग्रुपमध्ये जे बदल होतात त्यांचीच तो नोंद घेतो. आधीपासूनच्या सदस्यांना तो ओळखत नाही. जुन्या ग्रुपांतून सदस्य काढून पुन्हा घाला, दिसायला लागतील. आणि एलडॅपसर्च (डिरेक्टरीत शोधायची कमांड) करताना मेंबरऑफ नाव घेऊन मागा. तो ऑपरेशनल ॲट्रिब्यूट असल्याने न मागता मिळत नाही. बऱ्याच वेळा तो तिथे असतोच, आपण मागितलेला नसतो.

---

नवखी | मंगळवार, दुपारी १२:४०

मागितला, आला! काढून-घालायचीही गरज पडली नाही. 🙏

---

पोर्ट६३६ | मंगळवार, दुपारी १:०५

रात्रपाळी, आता तुमच्या त्या ३८९ कडे वळूया, मला कालपासून ते टोचतंय.

मॉनिटरिंगच्या सर्व्हरवर टीसीपीडंप (वायरवरून जाणारी पॅकेट दाखवणारं टूल) लावा, पोर्ट ३८९, आउटपुट अक्षरांत. दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करा. बाइंडच्या पॅकेटमध्ये आधी तुमचा डीएन दिसेल आणि त्याला चिकटून तुमचा पासवर्ड, जसाच्या तसा, कुणालाही वाचता येईल असा. तोच पासवर्ड तुमच्या ईमेलचा आहे, व्हीपीएनचा आहे, बहुधा पगाराच्या स्लिपचाही आहे. आतापर्यंत झॅबिक्सचा पासवर्ड फुटला असता तर फार तर कुणी आलेख बघितले असते. आता पणाला लागलंय ते सगळं घर.

एडीवालेही हे फार दिवस चालू देणार नाहीत. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली एलडॅप साइनिंग आणि चॅनल बाइंडिंगबद्दल सूचना काढली, तेव्हापासून एकेक डोमेन कंट्रोलर असली उघडी बाइंड नाकारायला लागलाय. त्यांच्या इव्हेंट लॉगमध्ये २८८९ क्रमांकाची नोंद असेल तर तीत तुमच्या सर्व्हरचा आयपी आणि सर्व्हिस खात्याचं नाव सापडेल. त्यांनी ते वाचून फोन करण्याआधी आपण नीट केलेलं बरं.

वायरवरचं बोलणं एन्क्रिप्ट करायचे दोन रस्ते आहेत. होस्टमध्ये एलडॅप्स लावून पोर्ट ६३६, नाहीतर ३८९ ठेवून स्टार्टटीएलएसची खूण करायची. दोन्ही एकदम नाही चालत.

---

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी ४:५०

टीसीपीडंप लावून बघितला. माझा पासवर्ड स्क्रीनवर बघून घाम फुटला हो. लगेच बदलला.

६३६ केलं. आता "एलडॅप सर्व्हरशी संपर्क होत नाही". टेलनेट केलं तर पोर्ट उघडा आहे.

---

पोर्ट६३६ | मंगळवार, संध्याकाळी ५:२०

हा निरोप खोटा बोलतो. संपर्क झालेला असतो, सर्टिफिकेटवरून भांडण होऊन तुटलेला असतो. एलडॅपसर्चला डीबगची पातळी १ देऊन चालवा, खरं कारण ओकेल.

बहुतेक वेळा यांपैकी काहीतरी असतं. होस्टमध्ये आयपी टाकलेला असतो, सर्टिफिकेट मात्र नावाचं असतं. किंवा ज्या सीएने (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेने) ते सही केलंय त्याचं मूळ सर्टिफिकेट तुमच्या सर्व्हरला माहीत नसतं. दुसरं असेल तर एलडॅप डॉट कॉन्फ नावाच्या फाइलमध्ये टीएलएस-सीएसर्ट या ओळीत त्याचा पत्ता द्यायचा (उबुंटूवर ही फाइल इटीसीखालच्या एलडॅप फोल्डरमध्ये असते, रेडहॅटच्या घराण्यात ओपनएलडॅप फोल्डरमध्ये) आणि पीएचपी-एफपीएम (झॅबिक्सची पानं चालवणारी सेवा) पुन्हा सुरू करायचं. हे शेवटचं लोक विसरतात आणि "बदल करूनही काही होत नाही" म्हणत बसतात. झॅबिक्सचा वेब भाग डॉकरमध्ये असेल तर ही सगळी उठाठेव कंटेनरच्या आत, बाहेर नाही.

आणि कृपा करून "सर्टिफिकेट तपासूच नको" अशी ओळ टाकून मोकळे होऊ नका. इंटरनेटवर पहिला सल्ला तोच सापडतो. दाराला कुलूप लावून किल्ली कुलपातच ठेवण्यातला प्रकार आहे.

---

जुनंलोखंड | मंगळवार, संध्याकाळी ७:४५

रेडहॅटवर असाल तर अजून एक चोर आहे: एसईलिनक्स (लिनक्समधली जादा सुरक्षा). कमांड लाइनवरून एलडॅपसर्च व्यवस्थित चालतो आणि वेबवरून मात्र नाही, अशी अवस्था असेल तर नव्वद टक्के तोच. एचटीटीपीडी-कॅन-कनेक्ट-एलडॅप हे बूलियन (चालू-बंद सेटिंग) चालू करा, कायमचं करा, नाहीतर रीबूटनंतर पुन्हा तमाशा. धागाकर्ते उबुंटूवर आहेत म्हणून वाचले.

मी स्वतः अजून नॅगिऑस कोअरवर (जुनं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर) आहे. हसू नका, नेटसेंट नावाने आला तेव्हापासूनची ओळख आहे. तिथे लॉगिन नॅगिऑसचं नसतंच, अपाचीचं (वेब सर्व्हरचं) असतं. म्हणून एडीची जोडणीही अपाचीच्या ऑथएनझेड-एलडॅप मॉड्यूलमध्ये. सोपं आहे, पण तीन ठिकाणी मी तोंडावर आपटलो ते सांगतो.

पहिलं, बेस डीएन म्हणून डोमेनचं मूळ दिलं की एडी उत्तरासोबत रेफरल पाठवते, "हे अमुक विभाग माझ्याकडे नाहीत, तिकडे विचार". मॉड्यूल इमानेइतबारे तिकडे जातं आणि लटकतं. एलडॅपरेफरल्स ऑफ केलं, सुटलो. माणसं ज्या ओयूत (डिरेक्टरीतल्या विभागात) आहेत तोच बेस दिला तरी सुटता.

दुसरं जास्त मजेशीर. एक बाई लॉगिन करायच्या, आत यायच्या, आणि समोर एकही होस्ट नाही. कोरं पान. त्यांच्या शेजारी बसणाऱ्याला सगळं दिसायचं. दोन दिवस परवानग्या तपासत होतो. शेवटी त्यांच्या मागे उभा राहून टाईप करताना बघितलं, तर नावाचं पहिलं अक्षर त्या कॅपिटल करायच्या. एडीला लहान-मोठ्या अक्षरांचं सोयरसुतक नाही, आत सोडते. नॅगिऑसला मात्र काँटॅक्टचं नाव अक्षरशः तेच लागतं. अपाचीला सांगितलं की युझरने टाईप केलेलं नाव पुढे देऊ नकोस, डिरेक्टरीत लिहिलेलं सॅमअकाउंटनेम दे. त्यासाठी ऑथएलडॅप-रिमोटयुझर-ॲट्रिब्यूट अशी ओळ आहे.

तिसरं उद्या सांगतो, ते या धाग्याच्या मुळाशी आहे आणि मला आता उठायचंय.

---

कुंपणावर | मंगळवार, रात्री ९:१०

मला एक कळत नाही. मॉनिटरिंग कशासाठी असतं? सगळं कोसळल्यावर बघण्यासाठी. आणि त्याचं दार उघडायची किल्ली तुम्ही कुणाकडे ठेवताय? जे कोसळू शकतं त्याच्याकडे. डोमेन कंट्रोलर झोपला की तुम्हाला झॅबिक्समध्ये जाताच येणार नाही, आणि तो झोपलाय हे झॅबिक्सच सांगणार. २५ माणसांसाठी एवढा द्राविडी प्राणायाम? हाताने खाती बनवा, महिन्यातून एकदा यादी तपासा, सुखी राहा.

---

ग्राफवेडा | मंगळवार, रात्री ९:३५

"महिन्यातून एकदा यादी तपासा" हे वाक्य मी चार नोकऱ्यांमध्ये ऐकलंय. तपासलेली यादी एकदाही पाहिली नाही.

---

पोर्ट६३६ | मंगळवार, रात्री १०:१५

कुंपणावर, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे आणि तो अर्धा महत्त्वाचा आहे. सगळ्यांची ये-जा डिरेक्टरीतून. पण एक खातं, फक्त एक, झॅबिक्सचं स्वतःचं. त्यासाठी वेगळा युझर ग्रुप बनवायचा, त्याचा फ्रंटएंड ॲक्सेस "इंटरनल" करायचा, आणि ते खातं दुसऱ्या कुठल्याही ग्रुपमध्ये टाकायचं नाही. मग डिफॉल्ट ऑथेंटिकेशन एलडॅप असलं तरी हे खातं एलडॅपकडे न बघता आत जातं. इन्स्टॉल करताना मिळालेला तो ॲडमिन आणि त्याचा जगजाहीर पासवर्ड यासाठी वापरू नका.

एक गैरसमज इथेच फोडते. झॅबिक्समध्ये ६.२ पासून एकाहून जास्त एलडॅप सर्व्हर लिहिता येतात. लोकांना वाटतं, एक पडला की तो आपोआप दुसऱ्याला विचारेल. तसं नाही. ती सोय वेगवेगळ्या युझर ग्रुपांना वेगवेगळ्या डिरेक्टऱ्या जोडण्यासाठी आहे. पडझडीचा बंदोबस्त तुम्हालाच करायचाय, म्हणजे डीएनएसच्या नावामागे दोन-तीन डोमेन कंट्रोलर ठेवणं वगैरे. मग ते नाव प्रत्येकाच्या सर्टिफिकेटमध्ये आहे का तेही बघायचं.

---

नवखी | बुधवार, सकाळी ९:०५

तुमचा हा धागा वाचत असतानाच आमच्याकडे आज सकाळी सगळ्यांचं लॉगिन एकदम बंद पडलं! ओपनएलडॅप नाही, आमच्या दुसऱ्या शाखेची एडी. कुणी काही बदललेलं नाही म्हणतात. एलडॅपसर्चला एरर ४९ येतो आणि पुढे एक लांबलचक ओळ.

---

पोर्ट६३६ | बुधवार, सकाळी ९:११

त्या लांबलचक ओळीत "डेटा" शब्दापुढे काय आहे?

---

नवखी | बुधवार, सकाळी ९:१३

५३२

---

पोर्ट६३६ | बुधवार, सकाळी ९:१९

सर्व्हिस खात्याच्या पासवर्डची मुदत संपली. पहिलंच बाइंड होत नाही, मग कुणालाच शोधता येत नाही, म्हणून सगळे एकदम बाहेर. कुणी काही बदललं नाही हे खरंच आहे, न बदलल्यामुळेच झालं.

४९ म्हणजे नुसतं "ओळख पटली नाही". खरं कारण त्या डेटामध्ये असतं. ५२५ म्हणजे असा माणूसच नाही, ५२ई म्हणजे पासवर्ड चुकला, ५३३ खातं बंद केलेलं, ७०१ खात्याचीच मुदत संपलेली, ७७३ पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलायला सांगितलेला, ७७५ लॉक झालेलं. मी हे मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवलंय.

आणि त्या खात्याला अधिकार कमीत कमी ठेवा. एडीत वाचायला साधा युझर पुरतो. "चालत नाही म्हणून डोमेन ॲडमिन केलं" असं कुठे झालेलं असेल तर आजच उतरवा. झॅबिक्सच्या डेटाबेसमध्ये तो पासवर्ड पडलेला असतो हे विसरू नका.

---

जुनंलोखंड | बुधवार, दुपारी २:३०

आता तिसरं. कुंपणावर यांनी जे विचारलं तेच माझ्याबाबतीत घडलंय.

अपाचीमध्ये ओळख पटवायला दोन ठिकाणं देता येतात: पासवर्डची स्थानिक फाइल आणि एलडॅप. मी लिहिलं होतं "एलडॅप फाइल", या क्रमाने. कल्पना अशी की एलडॅप नसेल तर फाइल बघेल. एका रात्री स्टोरेज गेलं, त्यासोबत दोन्ही डोमेन कंट्रोलर गेले (दोन्ही एकाच स्टोरेजवर व्हर्च्युअल, तो वेगळा मूर्खपणा), आणि मी फाइलमधलं खातं घेऊन दारात उभा. एरर ५००.

झालं असं की अपाची पुढच्या ठिकाणी तेव्हाच जातो जेव्हा पहिला म्हणतो "असा माणूस माझ्याकडे नाही". एलडॅप मेलेला असेल तर तो "नाही" म्हणत नाही, तो बोलतच नाही. त्याला अपाची बिघाड समजतो आणि तिथेच थांबतो. क्रम उलटा हवा होता: आधी फाइल, मग एलडॅप. एका शब्दाची अदलाबदल. त्या रात्री एसएसएचने आत जाऊन नॅगिऑसची स्टेटस फाइल ग्रेप करत बसलो होतो.

म्हणून म्हणतो, आणीबाणीचं खातं आहे एवढ्याने भागत नाही. डिरेक्टरी खरोखर बंद करून ते चालवून बघितलंय का?

---

कुंपणावर | बुधवार, दुपारी ३:०२

बघा, मी काय म्हणत होतो! :)

पण ठीक, एक खातं बाहेर ठेवायचं हे पटलं. मग सॅमल (लॉगिनचं काम वेगळ्या सेवेकडे सोपवायची पद्धत) का नाही? सिंगल साइन-ऑन, वर दुहेरी पडताळणी.

---

पोर्ट६३६ | बुधवार, दुपारी ३:३०

जरूर करा, दुहेरी पडताळणी हवी असेल तर तेच बरं. फक्त तेव्हा लॉगिनसाठी आयडेंटिटी प्रोव्हायडर, त्याच्यापर्यंतचं नेटवर्क आणि तुमच्या सर्व्हरचं घड्याळ, तिन्ही जागेवर लागतात. बाहेरच्या खात्याची गरज आणखी वाढते.

मला त्यापेक्षा सोडून गेलेल्या माणसांची जास्त काळजी वाटते. आमच्याकडचा एक मुलगा नोकरी सोडून गेला. एडीतलं खातं त्याच दिवशी बंद. आम्ही निवांत. पाच आठवड्यांनी त्याचाच मेसेज: "ताई, तुमच्या डेटाबेस सर्व्हरची डिस्क भरत आलीये, रात्री तीनला मला उठवतोय, काहीतरी करा."

लॉगिन बंद झालं होतं, पण झॅबिक्समधलं खातं आणि त्यातला मोबाइल नंबर जिवंत होता. कारण जिट जी पडताळणी करतं ती माणूस लॉगिन करतो तेव्हा, किंवा आत असताना ठरलेला काळ उलटला की (सुरुवातीला १ तास असतो), किंवा कुणी "प्रोव्हिजन नाऊ" दाबलं तर. गेलेला माणूस लॉगिन करत नाही. म्हणजे ज्याची पडताळणी व्हायला हवी त्याचीच होत नाही.

त्यावर उपाय म्हणून एपीआयमधली युझर-प्रोव्हिजन ही मेथड रोज रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) चालवायची. तरी तो मुलगा सुटला असता, ते वेगळ्याच कारणाने. एडीत खातं डिसेबल करतात, पुसत नाहीत, आणि बऱ्याचदा ग्रुपमधूनही काढत नाहीत. झॅबिक्सने शोधलं तर तो सापडतो, ग्रुपही जुळतात, सगळं आलबेल. म्हणून सर्च फिल्टरमध्ये "डिसेबल असलेले वगळ" हेही लिहायचं. युझरअकाउंटकंट्रोलमध्ये २ ही बिट लागलेली असते, ती तपासणारा नियम १.२.८४०.११३५५६.१.४.८०३. आता तो शोधात सापडणार नाही, झॅबिक्स त्याला डीप्रोव्हिजन्ड (हक्क काढून घेतलेल्यांच्या) ग्रुपमध्ये ढकलेल, तो ग्रुप बंद असल्याने मेसेजही थांबतील.

हाताने बनवलेली तुमची जुनी २५ खाती मात्र यात येत नाहीत, रात्रपाळी. ती डिरेक्टरीशी जोडलेली नसतात. ती पुसून माणसांना नव्याने लॉगिन करायला लावा. पुसण्याआधी त्यांच्या नावावरचे डॅशबोर्ड आणि त्यांना मेसेज पाठवणारे ॲक्शन दुसऱ्याच्या नावावर करून घ्या.

---

रात्रपाळी | शनिवार, दुपारी १:१५

अहवाल देतो.

सर्टिफिकेट: सीएचं मूळ सर्टिफिकेट नव्हतं, टाकलं, एफपीएम पुन्हा सुरू केलं, ६३६ चालू. तीन सपाट ग्रुप झाले. फिल्टर, रात्रीचा क्रॉन, दोन्ही झाले. पहिल्याच रात्री चार खाती डीप्रोव्हिजन्ड ग्रुपमध्ये गेली. चारपैकी दोघं याच आठवड्यात नोकरी सोडून गेलेले, एक ग्रुपमध्ये टाकायची राहिलेली, आणि चौथा मी. मला मालकांच्या ग्रुपमध्ये घालायला मीच विसरलो होतो.

आज सकाळी जुनंलोखंड यांचा प्रश्न मनावर घेतला. मॉनिटरिंग सर्व्हरवरून ६३६ ला जाणारी पॅकेट फायरवॉलवर अडवली. आधी रिजेक्ट केली (नकार कळवून), तर लॉगिन लगेच नापास. मग ड्रॉप केली (काहीच न कळवता), तर लॉगिनचं पान गोल-गोल फिरत बसलं. खरा अपघात दुसऱ्यासारखा असणार, म्हणून एलडॅप डॉट कॉन्फमध्ये नेटवर्क-टाइमआउटही टाकला.

मग आणीबाणीचं खातं. त्याचा पासवर्ड मी कागदावर हाताने लिहून पाकिटात घालून तिजोरीत ठेवला होता. सहकाऱ्याला म्हटलं, मी नाहीये असं समज, तू कर. त्याने पाकीट फोडलं, टाईप केलं, चूक. पुन्हा, चूक. त्यात एक अक्षर होतं, ते स्मॉल एल आहे की कॅपिटल आय की एक हा आकडा, हे त्याला कळेना. मला विचारलं, मलाही कळेना. पाचव्यांदा चुकल्यावर खातं ३० सेकंदांसाठी ब्लॉक.

शेवटी डेटाबेसमध्ये शिरून कॉन्फिग टेबलात ऑथेंटिकेशन-टाइप ० केला, म्हणजे डिफॉल्ट पुन्हा इंटरनल. ॲडमिनने आत गेलो आणि नवा पासवर्ड दिला. तो चालतो हेही वायर अडवून ठेवूनच बघितलं, आणि मग टाइप पुन्हा १, म्हणजे एलडॅप.

---

जुनंलोखंड | शनिवार, दुपारी १:४०

डेटाबेसचा पासवर्ड कुठे ठेवलाय?

---

रात्रपाळी | शनिवार, दुपारी १:५२

...

त्याच पाकिटात आणखी एक कागद टाकतो. या वेळी प्रिंट काढून, शून्यावर आडवी रेघ असलेल्या फाँटमध्ये.